जेंबेच्या वर्गातली सून आणि इतर प्रश्न

गेल्या अंकात या सदरात जेंबे या पश्चिम आफ्रिकेतील ढोलाची ओळख करून दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे वाद्यापेक्षा त्याच्याभोवती जमणाऱ्या माणसांविषयी आहेत, म्हणून या वेळचे सदर त्या पत्रांनाच दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही मुलाकडे अटलांटाला राहतो. आमची सून कृष्णवर्णीय अमेरिकन आहे, गुणी आहे आणि आमचे तिच्याशी चांगले जमते. दर शनिवारी सकाळी ती एका सामुदायिक केंद्रात आफ्रिकी ढोल आणि नृत्याच्या वर्गाला जाते आणि काहीही झाले तरी तो वर्ग चुकवत नाही. मागच्या महिन्यात मीही तिच्याबरोबर गेले. वर्ग संपताना सगळ्यांनी वादकांपुढे जाऊन, वाकून जमिनीला हात टेकवला, मग तो छातीला लावला, आणि तेव्हा सुनेचे डोळे भरून आले होते. घरी येताना मी विचारले, तर म्हणाली, "आई, हे मला सांगता येत नाही." तिच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या अमेरिकेतच गेल्या, आफ्रिकेत तिच्या ओळखीचे कुणी नाही. मग तिला तिथे नेमके काय सापडते? पुन्हा विचारले तर तिला वाईट वाटेल का?
— एक सासूबाई

उत्तर : ताई, वाईट वाटणार नाही, पण लगेच विचारू नका. आधी तिच्या पूर्वजांच्या कागदपत्रांचे काय झाले ते समजून घ्या, म्हणजे अर्धे उत्तर तुमचे तुम्हालाच मिळेल. ज्या समाजात आडनावातच गाव असते आणि कुलदैवत विचारले की चार पिढ्यांचा उलगडा होतो, त्या समाजातल्या माणसाला आपले मूळ गाव ठाऊक नसणे म्हणजे काय याची कल्पना करणे जड जाते. सुनेच्या माहेरचे कुणी वंशावळ शोधायला बसले, तर ते बहुधा १८७० च्या जनगणनेपाशी येऊन थांबेल, कारण गुलामगिरीतून सुटलेल्या बहुसंख्य लोकांची नावानिशी नोंद त्या जनगणनेत पहिल्यांदा झाली. त्याआधीच्या, १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांमध्ये मालकाचे नाव असते आणि त्याच्याखाली माणसांचे वय, लिंग आणि रंग एवढेच लिहिलेले असते. अशी एक यादी मी पाहिली आहे. ओळीमागून ओळी, आणि नावाचा रकाना मालकापुरताच. अटलांटिक ओलांडणाऱ्या गुलामवाहू जहाजांत साधारण सव्वा कोटी माणसे चढवली गेली आणि त्यांपैकी सुमारे एक कोटी सात लाख जिवंत उतरली, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. त्यांतली जेमतेम चार लाख थेट आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर आली, आणि तुमच्या सुनेचे पूर्वज बहुधा त्यांच्यातलेच असावेत.

आता ढोलाकडे येऊ. सप्टेंबर १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनातील स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला आणि ते ढोल वाजवत, वाटेत लोक जमवत दक्षिणेकडे निघाले. उठाव चिरडला गेला आणि १७४० साली तिथल्या वसाहतीने जो कायदा केला, त्यात गुलामांना ढोल, शिंगे आणि लोकांना एकत्र बोलावू शकतील अशी मोठ्या आवाजाची वाद्ये ठेवायला बंदी घातली. ढोलातून निरोप जातो हे मालकांना कळले होते. वाद्य गेले, तरी ताल टाळ्यांत, मांडीवर आणि छातीवर मारलेल्या थापांत, जमिनीवर आपटलेल्या काठीत आणि पावलांत उतरला. तुमच्याच जॉर्जिया राज्याच्या किनारपट्टीवर 'रिंग शाउट' नावाचा प्रकार आजही टिकून आहे. त्यात माणसे गोलाकार, घड्याळाच्या उलट्या दिशेने सरकत जातात आणि पाय एकमेकांवरून जाऊ देत नाहीत, कारण पाय ओलांडला की तो नाच ठरेल आणि प्रार्थनेत नाच नको, असा तिथला दंडक आहे. सुनेला या किनाऱ्याविषयी एकदा विचारून पाहा. तिच्या आजीला त्यातले काही ठाऊक असेल, तर तो धागा तिच्या घरातूनच सापडेल आणि त्यासाठी समुद्र ओलांडावा लागणार नाही.

ढोल अमेरिकेतल्या शहरांत परतला तो मुख्यत्वे रंगमंचावरून. सिएरा लिओनहून आलेल्या असादाता डफोरा यांनी १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकी वादक-नर्तकांचे नृत्यनाट्य उभे केले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पर्ल प्रायमस १९४८ साली शिष्यवृत्ती घेऊन आफ्रिकेत गेल्या आणि तिथे पाहिलेली नृत्ये त्यांनी परत येऊन शिकवली. १९५० साली बाबातुंडे ओलातुंजी नावाचा नायजेरियन तरुण शिकायला अमेरिकेत आला, तो तुमच्या अटलांटाच्याच मोरहाऊस महाविद्यालयात. त्याला व्हायचे होते मुत्सद्दी, पण सहाध्यायांना आफ्रिकेविषयी काहीच ठाऊक नाही हे पाहून तो ढोल घेऊन बसला, आणि १९६० साली निघालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेमुळे हा आवाज घराघरांत गेला. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्याने आफ्रिकी संस्कृतीचे केंद्र काढले. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचे ध्वनिमुद्रित झालेले शेवटचे जाहीर वादन २३ एप्रिल १९६७ रोजी तिथेच झाले. नागरी हक्कांच्या चळवळीच्या त्या काळात अशा केंद्रांतून आणि चर्चच्या तळघरांतून जे वर्ग सुरू झाले, त्यांच्याच परंपरेत तुमच्या सुनेचा शनिवारचा वर्ग बसतो.

म्हणून तिला तिथे काय सापडते याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे : तिला एक पणजी सापडत नाही, पण तिच्यासारखीच पणजी हरवलेल्या पंचवीस-तीस बायका सापडतात आणि त्या सगळ्या मिळून एक अवघड गोष्ट बिनचूक करायला शिकतात. जमिनीला हात लावून तो छातीशी नेणे हा वादकांना आणि त्यांनी ज्यांच्याकडून ताल घेतला त्यांना केलेला नमस्कार आहे. तो आपल्याला ओळखीचा वाटतो म्हणून "आमच्याकडेही असेच असते" असे लगेच म्हणू नका, एवढीच सूचना. पुढच्या शनिवारी पुन्हा तिच्याबरोबर जा, भिंतीशी खुर्ची घेऊन बसा. सांगता येईल तेव्हा ती आपणहून सांगेल.

प्रश्न : मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. जेंबे हे गिनी, माली या भागातील मांदे लोकांचे वाद्य आहे, असे आपणच लिहिले होते. अमेरिका खंडांत नेलेले बहुसंख्य गुलाम मात्र अन्य प्रदेशांतील होते. मग जेंबे वाजवून आपण पूर्वजांशी जोडले जातो हा समज म्हणजे निव्वळ कल्पना नव्हे काय?
— एक वाचक

उत्तर : सर, आपला आक्षेप रास्त आहे आणि तो या वर्गांतले जाणते शिक्षकही घेतात. अटलांटिकपार नेलेल्या लोकांपैकी जवळजवळ निम्मे मध्य-पश्चिम आफ्रिकेतून, म्हणजे आजच्या कांगो आणि अंगोलाच्या किनाऱ्यावरून नेले होते आणि जेंबे हे त्यांचे वाद्य नव्हते. उत्तर अमेरिकेत आलेल्यांमध्ये सेनेगॅम्बियातील, म्हणजे आजच्या सेनेगल आणि गॅम्बियाच्या भागातील लोकही मोठ्या संख्येने होते, त्यामुळे मांदे भाषक त्यांत होते हे खरे, पण एखाद्या बाईच्या डीएनए चाचणीत नायजेरिया आणि कॅमेरून निघावे आणि तिने शनिवारी गिनीचा ताल वाजवावा, हे सर्रास घडते.

जेंबेच सगळीकडे का पोहोचला, याचे कारण वंशात नसून राजकारणात आहे. फोदेबा केइटा यांनी १९५० च्या आसपास पॅरिसमध्ये आफ्रिकी कलावंतांचा एक नृत्यसंच उभा केला. गिनी २ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वतंत्र झाल्यावर तोच संच 'ले बॅले आफ्रिकेन' या नावाने त्या देशाचा राष्ट्रीय संच झाला आणि जगभर फिरला. राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांच्या राजवटीने गावोगावचे वादक निवडून शासकीय संचांत आणले. मामाडी केइटा हा बालांदुगू गावचा मुलगा असाच १९६४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, निवडला गेला. त्यांनी पुढे ब्रसेल्समध्ये शाळा काढली आणि २०२१ साली निधन होईपर्यंत जगभर शिष्य घडवले. आज अनेक शहरांत शिकवला जाणारा जेंबे या मार्गाने आला आहे. वाटेत त्याचे रूप बदलले, हेही मान्य करायला हवे. गावात तासन्तास चालणारे, हवे तेव्हा कुणीही शिरावे असे नृत्य रंगमंचावर आठ-दहा मिनिटांचे झाले, त्याला आरंभ, शेवट आणि प्रेक्षकांची बाजू आली.

एवढे सगळे मान्य करूनही मी त्याला निव्वळ कल्पना म्हणणार नाही. ज्यांची भाषा, नाव आणि गाव हिरावून घेतले, त्यांनी अचूक पत्ता मिळाल्यावाचून कशालाही हात लावू नये, ही अट घालण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? माझी हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. काही वर्गांत शिक्षक समोर उभा राहून "हा आफ्रिकेचा ताल आहे" असे सांगतो. चोपन्न देशांच्या खंडाचा ताल म्हणजे कोणता? 'कुकू' हा गिनीच्या अरण्यप्रदेशातील, मासेमारीहून परतणाऱ्या स्त्रियांशी जोडलेला ताल आहे. 'कस्सा' हा शेतात राबणाऱ्यांसाठी वाजवतात, 'सोली' हा वयात येण्याच्या संस्काराचा, तर 'दुनुनबा' हे गिनीतील कुरुसा गावाच्या परिसरातील हमाना भागाचे 'बलवान पुरुषांचे नृत्य'. जो शिक्षक ताल, गाव, प्रसंग आणि आपल्या गुरूचे नाव सांगतो, त्याच्या वर्गात वारसा हा शब्द मला खटकत नाही, मग विद्यार्थ्याचा डीएनए काहीही म्हणो. आपण इतिहास शिकवला आहे, तेव्हा एखाद्या वर्गात जाऊन हे प्रश्न विचारावेत. चांगल्या शिक्षकाला ते आवडतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी दहा वर्षे तबला शिकलो. नोकरीनिमित्त परदेशात असताना मित्रांच्या आग्रहाने जेंबेच्या वर्गात गेलो. वाटले होते, पहिल्याच दिवशी छाप पाडीन. प्रत्यक्षात सम कुठे आहे हेच कळेना, आणि शिक्षकांनी मला तासभर एकच तुकडा वाजवायला लावला. माझे काय चुकते आहे?
— एक तबलजी

उत्तर : तुमचे फारसे काही चुकत नाही, फक्त तुम्ही एकट्याने वाजवायची विद्या घेऊन सात जणांच्या कामात शिरला आहात. जेंबेचे मूळ आवाज तीनच : मध्यावर उघड्या तळव्याने 'बास', कडेला बोटे जुळवून 'टोन' आणि कडेलाच बोटे किंचित सैल सोडून 'स्लॅप'. तबल्याच्या बोलसमृद्धीपुढे हे गरीब वाटते, पण टोन आणि स्लॅप यांतला फरक दूरवर स्पष्ट ऐकू जावा एवढे साधायलाच पुष्कळ महिने लागतात. शिवाय खरी चाल जेंबेत नसतेच. ती बाजूला आडव्या ठेवलेल्या, दुनदुन नावाच्या तीन ढोलांत असते. केनकेनी हा सर्वांत लहान, संगबान मधला आणि दुनदुनबा सर्वांत मोठा. त्यांना दोन्ही तोंडांवर गाईचे कातडे असते आणि वादक एका हाताने काठी, दुसऱ्याने वर बांधलेली लोखंडी घंटा वाजवतो. संगबानची ओळ तोंडाने म्हणता येऊ लागली की ताल ओळखू येतो. तुम्ही सम शोधत होता तेव्हा मुख्य जेंबेवाल्याच्या हाताकडे पाहत असणार. तो तर मुद्दाम इकडेतिकडे खेळत असतो.

पुष्कळ तालांत बारा मात्रांचे एक आवर्तन धरता येते. ते चार त्रिकांत ऐकले तर एक चाल दिसते, तीन चौकांत ऐकले तर दुसरी, आणि नर्तकाचे पाऊल बहुधा पहिल्या पद्धतीने पडते. म्हणून माझा सल्ला असा की महिनाभर ढोल बाजूला ठेवून नृत्याच्या रांगेत उभे राहा. पाय लागले की कान लागतात. या वर्गांत ढोल आणि नाच यांची सहसा फारकत करत नाहीत, ती याचसाठी. पूर्व आणि मध्य आफ्रिकेतील अनेक भाषांत 'एनगोमा' हा एकच शब्द ढोलालाही चालतो आणि नाचालाही.

एकच तुकडा तासभर वाजवायला लावला म्हणून नाराज होऊ नका. साथीच्या जेंबेने न हलता तेच वाजवत राहायचे, म्हणजे मुख्य वादक आणि नर्तक यांना मोकळे बोलता येते. सुरुवात, बदल आणि शेवट मुख्य वादकाच्या एका ठरावीक खणखणीत इशाऱ्याने होतो. तो इशारा ऐकू आला की चालू असलेले सगळे सोडून उत्तर द्यायचे. मी पहिल्या वर्षी एकदा स्वतःच्याच वादनात इतका रंगलो होतो की इशारा चुकला. बाकी सगळे एका ठोक्यात थांबले आणि माझी एकट्याची सुंदर स्लॅप त्या शांततेत पडली. कुणी हसले नाही, याचेच जास्त वाईट वाटले. आणि हो, बोटातली अंगठी काढून ठेवा. ती कातड्याला चिरते आणि तुमच्या बोटालाही.

प्रश्न : मी आफ्रिकी वंशाची नाही, पण मला हे नृत्य मनापासून आवडते. कृष्णवर्णीय समाजाच्या अशा वर्गात मी गेले तर ते आगंतुकपणाचे होईल का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : बहुतेक वर्ग सर्वांना खुले असतात, काही मुद्दाम केवळ त्या समाजासाठी राखलेले असतात, आणि कोणता कसा आहे हे आधी विचारण्यात कमीपणा नाही. राखलेला असेल तर हिरमुसू नका. आत गेल्यावर पाहुण्यासारखे वागावे : पूर्ण शुल्क द्यावे, मागच्या रांगेत उभे राहावे, शेवटच्या वर्तुळात मध्ये जाऊन एकटीने नाचायची घाई करू नये, आणि कुणी रडत असेल तर त्याचे चित्रण करू नये. एक फरक मात्र नीट लक्षात ठेवा. गावच्या आनंदाचे ताल आणि उपासनेचे ताल एक नाहीत. क्यूबात पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांकडून आलेल्या परंपरेच्या उपासनेत अभिमंत्रित बाटा ढोल दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच वाजवायचे असतात. वर्गात त्यासाठी अभिमंत्रित नसलेले ढोल वापरतात. भिंतीशी झाकून ठेवलेला ढोल दिसला, तर झाकण उचलून पाहू नये.

प्रश्न : आपल्या देशातील सिद्दी समाजही आफ्रिकी वंशाचा आहे. त्यांच्या मुलांसाठी जेंबेचे वर्ग काढले तर त्यांना मुळांशी जोडता येईल, असे आमच्या मंडळाला वाटते. आपले मत कळवावे.
— एका मंडळाचे कार्यवाह

उत्तर : कार्यवाह महोदय, हेतू चांगला आहे, पण कृपया असे करू नका. सिद्दींचे पूर्वज मुख्यत्वे पूर्व आफ्रिकेतून हिंदी महासागरामार्गे आले, काही गुलाम म्हणून, काही सैनिक आणि खलाशी म्हणून. इथिओपियात जन्मून निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्याविषयी आपण शाळेत वाचलेले असते. जेंबे पश्चिम आफ्रिकेतला, म्हणजे खंडाच्या दुसऱ्या टोकाचा. मुख्य म्हणजे सिद्दींना मुळांशी जोडायला बाहेरून ढोल आणण्याची गरज नाही, कारण त्यांचा ढोल त्यांच्याकडे आहे. गुजरातमधील रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यावर आणि जांबूर गावात जो नाच होतो, त्याला 'गोमा' किंवा 'धमाल' म्हणतात, आणि गोमा हा शब्द मघाशी सांगितलेल्या 'एनगोमा'चाच वंशज आहे. पायांवर उभा राहणारा मुगरमान हा उंच ढोल, मुसिंडो हा छोटा ढोल आणि भोपळा लावलेले मलुंगा हे धनुष्यासारखे एकतारी वाद्य ही त्यांची वाद्ये. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींचा दमाम हा ढोल आणखी निराळा. आपल्या मंडळाला खर्च करायचाच असेल, तर मुगरमान वाजवणाऱ्या जुन्या वादकांना मानधन देऊन त्यांच्याच गावात त्यांच्याच मुलांना शिकवू द्यावे. वर्ग त्यांनी घ्यावा, मंडळाने सतरंज्या घालाव्यात.

प्रश्न : वय ६२, गुडघे कुरकुरतात. नृत्याच्या वर्गात जाऊ का?
— एक उत्साही आजी

उत्तर : डॉक्टरांना विचारून जरूर जा. या नृत्यांत गुडघे वाकलेले, धड कमरेतून पुढे झुकलेले आणि पाऊल सपाट असते. उड्या टाळून, वजन मांड्यांवर ठेवून पुष्कळ काही करता येते, आणि चांगला शिक्षक प्रत्येक पावलाचा संथ प्रकार दाखवतो. ढोलांच्या अगदी जवळ उभ्या राहणार असाल, तर कानांत बोळे घालायला लाजू नका. वादकही घालतात.

ता. क. अटलांटाच्या ताईंनी पत्राच्या शेवटी विचारले आहे की सुनेच्या वाढदिवसाला जेंबे भेट द्यावा का. द्यावा, पण तिला किंवा तिच्या शिक्षकांना बरोबर नेऊन, ऐकून घ्यावा. खोड एकाच ओंडक्यातून कोरलेले असावे, आतून हात फिरवून तडे पाहावेत, कातडे बकरीचे असावे आणि दोरी सर्व बाजूंनी सारखी ताणलेली असावी. उन्हाळ्यात तो गाडीच्या डिकीत ठेवू नये. माझ्या पहिल्या जेंबेचे कातडे असेच भर दुपारी गाडीत फाटले होते, आणि तो आवाज ऐकून रस्त्यावरची दोन माणसे खाली बसली होती.